जमनाचं राहिलेलं लगीन

भात पिकून आडवं व्हायला लागलं होतं, दुपारनंतर रोज आभाळ भरून यायचं, आणि नेमका त्याच आठवड्यात ठाण्याहून फोन आला, की जात पडताळणीचं पथक शुक्रवारी घरी येणार आहे. घरातल्या सगळ्यांनी हजर राहा, पाड्यावरची जुनी माणसं जवळ असू द्या, असं फोनवरच्या माणसानं सांगितलं. दादू भोईर बांधावर बसून इळ्याला धार लावत होता. कापणी उरकल्यावर आले तर चालणार नाय का, असं त्यानं विचारलं, पण तेजलनं फोन तोवर ठेवलाही होता.

तेजल दादूची थोरली मुलगी. बोईसरच्या पूर्वेला, कारखान्यांचे धुराडे मागं पडून डोंगर सुरू होतो तिथं वारल्यांचा पाडा आहे, त्या पाड्यावरून बारावीच्या पुढं गेलेली ती पहिलीच. दापोलीच्या शेतकी कॉलेजात आदिवासींच्या जागेवर तिचा नंबर लागला होता आणि कापणीसाठी ती तिथून रजेवर घरी आली होती. पोरगी चार वर्षं शिकून येणार आणि पुन्हा तुझ्याच शेतात भाताची आवणी करणार, म्हणून पाड्यावरच्या टवाळांनी दादूची भरपूर थट्टा केली होती. दादूला ती थट्टा आवडायची. कुणी करायचं विसरलं तर तो स्वतःच विषय काढायचा.

पण प्रवेश अजून कच्चा होता. जातीचं वैधता प्रमाणपत्र मुदतीत दिलं नाही तर जागा जाणार होती आणि जागेबरोबर वसतिगृह आणि राहण्याजेवण्याचा भत्ताही. घरातल्या कुणाला पूर्वी असलं प्रमाणपत्र मिळालेलं असतं तर काम सोपं होतं, पण त्यासाठी आधी कुणी कॉलेजापर्यंत पोचावं तर लागतं. आजोबांच्या शाळेच्या दाखल्यावर मास्तरांनी जातीच्या जागी नुसतं ‘हिंदू’ लिहून ठेवलेलं. त्यात आडनाव भोईर. ते आगऱ्यांतही आहे, कुणब्यांतही आहे आणि वारल्यांतही आहे. तेव्हा ही माणसं खरंच वारली आहेत का, त्यांचे देव कोणते, जन्म-मरण-लग्न कसं करतात, हे घरी येऊन बघायचं पडताळणी समितीनं ठरवलं. वारल्याला वारली असल्याचं विचारायला येतात म्हणून पाड्यावर लोक हसले. तेजल हसली नाही. खोटे दाखले काढून आपल्याच जागा पळवतात, मग विचारायला नको का, असं ती म्हणायची. तिला भीती वेगळ्याच गोष्टीची होती.

तिच्या आईबापाचं लगीन झालेलं नव्हतं.

यात पाड्याला काही विशेष वाटायचं नाही. पोरगा-पोरगी ठरली, पोरीच्या बापाला देज दिलं, ताडी पाजली की पोरगी नांदायला येते. लगीन म्हणजे मांडव, पाड्याला जेवण, भिंतीवर सवासिनींनी तांदळाच्या पिठानं लिहिलेला देवीचा चौक आणि गाणी म्हणून लगीन लावणारी धवलेरी. एवढं सगळं जमेल तेव्हा लावायचं. कुणाचं लवकर जमतं, कुणाचं पोरं मोठी झाल्यावर. दादू स्वतः आपल्या आईच्या लग्नात वरातीपुढं नाचला होता आणि जेवण जास्त झाल्यामुळं ओकला होता, हे पाड्यावर सगळ्यांना माहीत आहे.

पण दादूची बायको जमना पाड्यावर थोडीच राहत होती. ती राहायची रात्रीची. दिवसभर ती तारापूर एमआयडीसीत गोळ्यांच्या कंपनीत पॅकिंगला असायची, जिथं बायका डबा खाताना एकमेकींच्या लग्नाच्या गोष्टी सांगायच्या. नवी असताना मंदा नावाच्या बाईनं तिला सरळ विचारलं होतं, तुझ्या गळ्यात काही कसं नाही गं? मंदा साताऱ्याकडची, बोईसरला चाळीत राहणारी, मनानं चांगली आणि तोंडानं फाटकी. जमना तेव्हा गोंधळली आणि काम करताना तुटलं म्हणाली. दुसऱ्या दिवशी तिनं बाजारातून काळ्या मण्यांची पोत आणली. रिक्षात बसली की डब्याच्या पिशवीतून काढून घालायची, उतरली की परत पिशवीत. पोतीला शोभेल असं लगीनही मग सांगावं लागलं. भटजी आला, बँड आला, बोईसरच्या हॉलमध्ये जेवणावळ झाली. मंदानं लग्नाची तारीख विचारली तेव्हा तिनं तीही दिली, आणि तेव्हापासून मंदा दर वर्षी त्या तारखेला पेढे आणत आली.

एवढ्यावर राहिलं असतं तर राहिलं असतं. पण पथक येणार म्हटल्यावर दादू आणि तेजल स्टेशनजवळच्या मेहुलकडं गेले. मेहुल लोकांचे ऑनलाइन फॉर्म भरून देतो आणि फॉर्मबरोबर सल्लाही देतो. तेजलचे सगळे फॉर्म त्यानंच भरले होते आणि तिच्या ॲडमिशनला त्याला स्वतःच्या भावाचा नंबर लागल्यासारखा आनंद झाला होता. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि कपाळाला हात लावला. आईबापाचं लग्नच नाही, मग मुलीला बापाची जात लागणार कशी, असं तो म्हणाला. साहेब लोकांना सगळं कायद्यानं पाहिजे असतं. तुम्ही लग्न झालंय म्हणूनच सांगा, आणि तिघांनी एकच सांगा. फोटो नाही म्हटल्यावर त्यानं कॉम्प्युटरवर एका नवरानवरीच्या अंगावर दादूचं आणि जमनाचं डोकं बसवून दिलं. दादूनं ते चित्र लांब धरून पाहिलं. मान गोरी होती आणि तोंड त्याचं होतं.

“ह्यो कुटला मानूस?” तो म्हणाला.

तरी फोटो फ्रेममध्ये घालून भिंतीवर लागला.

मग तीन दिवस कापणी आणि लग्न बरोबरीनं चाललं. आडवं झालेलं भात कापणं म्हणजे कमरेचा काटा ढिला होतो. एकेक चूड हातानं उचलून इळा खाली घालावा लागतो, पाती मनगटाला कापतात, त्यात घाम जाऊन चुरचुरतं. जमनानं कंपनीतून सुट्टी टाकली होती. पुढं दादू, मध्ये जमना, मागून तेजल भारे बांधत यायची आणि परीक्षा घ्यायची. भटजीचं नाव काय? जोशी. हॉल कुठला? स्टेशनजवळचा. मुलीकडचे किती आले? बरेच. जेवायला काय होतं? इथं गाडी अडायची. जमना श्रीखंड म्हणायची, कारण मंदाला तिनं श्रीखंड सांगितलं होतं. दादूला लग्न म्हटलं की जिलेबीच आठवायची. तीनदा समजावल्यावर तो वैतागून म्हणाला, जिलेबी होती, मी खाल्ली हाय, आणि मग आपणच हसायला लागला. जमना हसली नाही. तिला ते खोटं लगीन इतकी वर्षं सांगून खरं वाटायला लागलं होतं, आणि ते दादूच्या तोंडात असं पांगळं होताना बघून तिला राग येत होता.

तेजलच्या मनात काय होतं ते तिनं कुणाला सांगितलं नाही. दापोलीच्या वसतिगृहात पहिल्या दिवशी मुलींनी आपापल्या आईवडिलांचे लग्नाचे फोटो मोबाइलवर दाखवले होते, आणि ती पाणी आणायला म्हणून उठून गेली होती. आईची लाज तिच्याकडंही आली होती. म्हणून मेहुलचा सल्ला तिला पटकन पटला.

शुक्रवारी कंपनीला सुट्टी, म्हणून मंदा आली. तिला नवं भात बघायचं होतं आणि थोडं न्यायचंही होतं. जमनानं तिला किती तरी दिवस टाळलं होतं, पण मंदा टाळून टळणारी बाई नव्हती. ती येऊन खळ्याच्या कडेला भाऱ्यावर बसते न बसते तोच जीप आली.

जीपमधून एक पोलीस अधिकारी उतरला, आणि समितीच्या एक मॅडम. मॅडम पन्नाशीच्या, सुती साडीतल्या, चष्मा नाकावर घसरलेला. त्या घरात बसल्या नाहीत, खळ्यावरच खुर्ची मागून घेतली. पोलीस बूट घालून खळ्यात शिरला तसा दादू झोडणी सोडून धावला.

“सायेब, बूट भाईर. कणसरी हाय.”

त्याला काही पढवलेलं नव्हतं, ते तोंडातून गेलं. पोलिसानं मॅडमकडं पाहिलं. मॅडमनी मान हलवली आणि वहीत काही लिहिलं, तेव्हा तो लेस सोडत बसला.

पहिले प्रश्न सोपे गेले. देव कोणते, तेजलनं सांगितलं, हिरवा, हिमाय, नारनदेव, वाघोबा. कणसरी म्हणजे धान्याची देवी, म्हणून खळ्यात पायताण नाही. नवं धान्य आधी देवाला, मग माणसाला. मूल झालं की पाचवीला काय करतात, माणूस गेल्यावर दिवस कोण घालतं. ती भराभर बोलत होती आणि मॅडम भराभर लिहीत होत्या. मंदा तोंडात बोट घालून ऐकत होती, इतक्या वर्षांत जमनानं यातलं तिला काही सांगितलं नव्हतं. मग मॅडम म्हणाल्या, आईवडिलांचं लग्न कसं झालं ते सांग.

तेजलनं क्षणभर आईकडं पाहिलं आणि भटजी जोशीपासून सुरुवात केली. मंगलाष्टकं, अक्षता, हॉल, बँड. मॅडमचा पेन थांबला. त्यांनी तिला लांब बसायला सांगून जमनाला बोलावलं. मग दादूला. तिघांना वेगवेगळं विचारलं. चौक कुणी लिहिला? कुणी नाय. धवलेरी कोण होती? भटजी होता. जेवायला काय होतं? जमनानं श्रीखंड सांगितलं. दादूनं डोळे मिटून, जीव एकवटून जिलेबी सांगितली. तेव्हा मॅडम उठून घरात गेल्या आणि भिंतीवरच्या फोटोसमोर बराच वेळ उभ्या राहिल्या. दादू दाराशी उभा होता. त्याला त्या दिवशी आपल्या मानेची जेवढी लाज वाटली तेवढी उभ्या जन्मात कशाची वाटली नव्हती.

बाहेर येऊन मॅडम शांतपणे म्हणाल्या, “वारल्यांचं लग्न भटजी लावत नाही. निदान या भागात मी पाहिलेलं नाही. मी हे असंच लिहू का?”

दादूनं जमनाकडं पाहिलं. जमनानं मंदाकडं पाहिलं. मंदा कौतुकानं मान डोलवत होती, कारण तिला माहीत असलेलं एवढंच होतं आणि ते तिच्या मैत्रिणीचं लगीन होतं.

“लिवा,” जमना म्हणाली.

मॅडमनी लिहिलं. दादूची आणि तेजलची सही घेतली, जमनाचा अंगठा घेतला. पाड्यातलं आणखी कुणी जुनं माणूस कुठं राहतं ते पोलिसानं विचारलं, आणि जीप चिखल उडवत राहीबाईच्या घराकडं वळली.

दादू पुन्हा झोडायला लागला. भारा डोक्यावरून उचलून फळीवर आपटायचा, पुन्हा उचलायचा, पुन्हा आपटायचा. दाणे निघून गेलेल्या पेंढ्यालाही तो आपटत राहिला. तेजल आईजवळ आली. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. तिनं जमिनीवरचं सूप उचललं आणि वाऱ्याची दिशा बघत साध्या आवाजात म्हणाली, “आये, तू कंपनीत माझ्यासाटी इचारून ठेव. आता कॉलेज काय ऱ्हात नाय.”

पोरीच्या जन्मापासून जमनाला एकच गोष्ट हवी होती, की ही पोरगी कंपनीच्या त्या लाइनीवर डोक्याला टोपी घालून उभी राहायला नको. त्यासाठी ती उभी होती. आणि आज एका मैत्रिणीपुढं मान खाली जाऊ नये म्हणून तिनं तीच गोष्ट हातानं घालवली होती. ती उठली आणि चालू लागली. मंदानं विचारलं, कुठं चाललीस गं? मग जमना धावायला लागली. कापलेल्या भाताचे खुंट तळव्यांत घुसत होते, बांधावरून ती एकदा घसरली आणि गुडघ्याला चिखल लागला. तिच्या मागं मंदा चपला हातात घेऊन, आणि मंदाच्या मागं तेजल.

राहीबाई म्हणजे पाड्याची धवलेरी. कमरेत वाकलेली, पण आवाज अजून तीन शेतं पलीकडं जाणारा. पाड्यावरचं प्रत्येक लगीन तिनं गाऊन लावलेलं. जमना पोचली तेव्हा म्हातारी अंगणात उभी राहून पोलिसावर भडकली होती. मॅडमनी सहज विचारलं होतं, की दादू भोईरचं लग्न भटजीनं लावलं का.

“मी जिती हाय,” राहीबाई म्हणत होती, “आन् माझ्या पाड्यात बामन लगीन लावून गेला? कदी? मी कुटं मेले होते? खोडा त्ये.”

“खोडता येत नाही, आजी,” मॅडम म्हणाल्या.

जमना धापा टाकत मध्ये उभी राहिली. मंदाही तोवर पोचली होती, अगदी तिच्या खांद्याशी. जमनाला तिचा श्वास ऐकू येत होता. तिला वाटलं होतं, मॅडमना बाजूला बोलावून सांगावं. पण मग कळलं, की बाजूला जायला आता जागाच उरली नाही.

“मॅडम, आमचं लगीन झालंच नाय. भटजी नाय, हॉल नाय, काय पन नाय. मी नांदायला आले तवा तेजलच्या आज्यानं देज दिलं, पाड्याला ताडी पाजली. लगीन पुडच्या सालात लावू म्हनले. त्ये पुडचं साल अजून यायचं हाय.”

मॅडमनी चष्मा वर सारला. “आणि मगाशी सांगितलं ते?”

“खोटं. मला लाज वाटली.”

“कशाची?”

जमनानं मागं वळून मंदाकडं पाहिलं आणि म्हणाली, कंपनीत सगळ्यांची लग्नं झालेली हायत. मंदाचा चेहरा उतरला होता. ती काही म्हणाली नाही, आणि मंदा गप्प राहिल्याचं जमनानं त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

मॅडम अंगणातल्या बाजेवर बसल्या. लग्न झालं नसेल तर ही मुलगी भोईरांची कशी, असं त्यांनी विचारलं. त्यांना ते ठाऊक असावं, पण त्यांना ते जमनाच्या तोंडून हवं होतं. जमना म्हणाली, “पाचवीला सुईनीनं पोर हिमायपुडं ठेवली, बापाच्या कुळाचं नाव घेतलं. तवापास्नं ती भोईरांची. लगीन आमचं ऱ्हायलं हाय, पोरीचं काय ऱ्हायलं नाय.”

मग बराच वेळ मॅडम विचारत राहिल्या आणि जमना सांगत राहिली. देज किती, ताडी कुणी पाजली, लगीन लागेल तेव्हा चौक कोण लिहील. अधूनमधून राहीबाई तिला अडवून दुरुस्त करायची आणि जमना ऐकून घ्यायची. एका जागी म्हातारी गाणंच म्हणायला लागली, तेव्हा पोलिसानं मोबाइलवर ते रेकॉर्ड केलं. तेजल कुडाला टेकून ऐकत होती. यातलं कितीतरी तिनंही पहिल्यांदाच ऐकलं, आणि आईला इतकं बोलता येतं हेही.

निघताना मॅडमनी कुणाला आशा लावली नाही. पहिला जबाब फाडता येणार नाही, दोन्ही लागतील, असं त्या म्हणाल्या. पहिल्यांदा खोटं का बोलले हे समितीपुढं सांगावं लागेल आणि समिती काय ठरवेल ते मी सांगू शकत नाही. जीपमध्ये पाय ठेवताना मात्र त्यांनी तेजलला जवळ बोलावलं आणि ठाण्याला सुनावणीला आईला घेऊन ये म्हणाल्या.

मंदा त्या दिवशी भात न घेताच गेली.

कंपनीत ती दुसऱ्या टेबलावर बसून डबा खाऊ लागली. जमनाला वाटलं, लग्न न लागलेली बाई म्हणून ती शेजारी बसत नाही. ते मनाला इतकं लागलं की तिनं काम सोडायचाही विचार केला. दादू म्हणाला, सोड, भात झोडायचं पडलंय. त्याचा सल्ला नेहमी भातापाशी संपायचा. शेवटी एकदा हात धुताना नळावर दोघी समोरासमोर आल्या आणि मंदाचं तोंड सुटलं.

“दर वर्षी पेढे आणले मी. चाळीतल्या लोकांना सांगितलं, माझ्या मैत्रिणीचा लग्नाचा वाढदिवस. मागच्या साली तर साडी घेतली तुला. तुझं लगीन झालं नाही याचं मला काही नाही, बये. नवरा तुझा भला आहे. पण तू मला मंगलाष्टकं ऐकवलीस गं, म्हणून दाखवलीस.”

जमना रडली. लाजेनं नव्हे, आपण इतकी वर्षं ज्या बाईला भीत होतो ती रुसली होती फक्त फसवलं म्हणून, हे कळून रडली. दुसऱ्या दिवशी रिक्षात तिनं पोत पिशवीतून काढली आणि पुन्हा पिशवीतच ठेवून दिली. कुणी विचारलं नाही. विचारणार होत्या त्या दोघीतिघींना मंदानं डोळ्यांनीच गप्प केलं.

सुनावणीला तिघं गेले. मोठं टेबल, पलीकडं तीन माणसं, पंखा गरगरत होता. मधल्या साहेबांनी दोन्ही जबाब वाचले आणि दादूला विचारलं, जिलेबी होती की श्रीखंड? दादूला वाटलं सगळं संपलं. तो म्हणाला, “सायेब, लगीन लागंल तवा कळंल.” साहेबांनी खाली बघितलं, पण त्यांचे खांदे हलत होते. मग ते गंभीर होऊन तेजलला रागावले, शिकलेली मुलगी तू, तुला तरी खरं सांगायला काय झालं होतं. तेजल म्हणाली, मला खरं माहीत होतं पण ते सांगण्यासारखं आहे असं वाटत नव्हतं. आता वाटतं का, त्यांनी विचारलं. ती हो म्हणाली. त्यावर त्यांनी काही लिहिलं आणि जा म्हणाले.

मग वाट बघणं. कणगी भरली, पेंढ्याच्या उडव्या रचून झाल्या, दादू गवत कापायला डोंगरावर जाऊ लागला. तेजल दापोलीला परत गेली होती, रोज फोन करायची आणि फक्त भाजी काय केली ते विचारायची. कॉलेजातल्या क्लार्कनं तिला दोनदा आठवण दिली होती, हे तिनं घरी कळवलं नाही. पाड्यावर आता तिची थट्टा कुणी करत नव्हतं, आणि ते दादूला सोसत नव्हतं.

निकाल आला तो मेहुलच्या दुकानात, वेबसाइटवर. मेहुल दुकान उघडं टाकून मोटारसायकलवर डोंगराच्या पायथ्यापर्यंत आला आणि खालून ओरडायला लागला. दादू वर गवताचा भारा बांधत होता. त्याला शब्द कळले नाहीत, पण मेहुल दोन्ही हात वर करून नाचत होता, तेवढ्यावरून त्यानं ओळखलं. तो भारा तसाच टाकून खाली बसला. वारली आहेस, हे त्याला आयुष्यभर लोकांनी हिणवूनच सांगितलं होतं. ते कुणी शिक्का मारून, मान ठेवून सांगावं आणि त्यामुळं पोरीची जागा पक्की व्हावी, याचं काय करायचं हे त्याला कळेना. मग त्यानं बोटानं डोळे पुसले आणि मेहुलला वरूनच ओरडून विचारलं, आता तरी तो फोटो काढू का?

राहीबाईनं मात्र पाठ धरली. सरकारच्या कागदावर आता लिहिलं गेलंय की जमनाचं लगीन बाकी आहे, आणि मी जिवंत असताना ते बाकी राहता कामा नये, असं ती येईल त्याला सांगत सुटली. यंदा भात बरं झालं होतं. पाड्यानं ताडी आणि कोंबड्या आपल्याकडून धरल्या. होळीनंतरचा दिवस ठरला. तेजलनं वसतिगृहाच्या बाईंकडं रजा मागितली, कारण विचारल्यावर सांगितलं, आणि खोलीतल्या मुलींना मांडवाचे फोटो पाठवायचं कबूल केलं. मग तिनं आईला फोन करून विचारलं, की तू रजा टाकलीस का.

जमनानं टाकली नव्हती. दोनदा सुपरवायझरच्या टेबलापर्यंत जाऊन ती परत आली होती. सुपरवायझर गोरखपूरकडचा, माणूस वाईट नव्हता, पण रजा म्हटली की लाइनीसमोर मोठ्यानं चौकशी करायचा, म्हणजे बाकीच्या बायकांनाही वचक बसतो. त्या दिवशी ती पुन्हा गेली. मशीन चालू होतं, पट्ट्या सरकत होत्या, बायका टोप्या घालून ओळीनं उभ्या होत्या. सुपरवायझरनं मान वर न करता विचारलं, छुट्टी किसलिए? शादी है, ती म्हणाली. त्यानं रजिस्टर ओढलं आणि मशीनच्या वर आवाज काढून विचारलं, “किसकी शादी है?”

पुढची मंदा वळून बघायला लागली. तिच्या पलीकडच्या बायकाही बघायला लागल्या. जमनाच्या तोंडाला मास्क होता, त्यातून आवाज नीट जात नव्हता. तिनं मास्क हनुवटीखाली ओढला.

“मेरी,” ती म्हणाली.